खिशातले रिव्हॉल्व्हर



आज सायंकाळी आपण येथे आलात तेव्हा दाराशी कुणी आपले खिसे तपासले नाहीत. आपण जागा शोधलीत, शेजारच्या अनोळखी गृहस्थांना 'जरा सरकता का' म्हणून विनविलेत आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून निर्धास्त बसलात. त्यांच्या खिशात काय असेल हा प्रश्न आपल्या मनाला शिवलाही नाही. असून असणार काय? चष्म्याचे घर, किल्ल्यांचा जुडगा, फार तर पानाची डबी. सभा, नाटक, जत्रा, लग्न, आठवड्याचा बाजार, जिथे जिथे माणसे दाटीने जमतात तिथे तिथे हे गृहीत न बोलता धरलेले असते. मी आज बोलणार आहे ते ह्या गृहीताला सुरुंग लावणाऱ्या एका चिमुकल्या वस्तूविषयी. खिशात मावेल आणि बाळगले तरी कुणाच्या ध्यानात येणार नाही, एवढ्याचसाठी मुद्दाम घडविलेले रिव्हॉल्व्हर, हा आजचा विषय आहे.

विषय जाहीर झाल्यावर आमचे एक स्नेही काळजीने म्हणाले, "अहो, वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरी सांगावी, शेती सांगावी, हे काय काढलेत?" मी त्यांना म्हटले, शेतीविषयी सांगणारे माझ्याहून जाणते पुष्कळ आहेत, आणि ह्या वस्तूविषयी मी बोलणार तो शिकारी म्हणून नव्हे किंवा नेमबाज म्हणूनही नव्हे. इतिहास वाचताना ही वस्तू पुनःपुन्हा आडवी आली, म्हणून तिच्या मागे लागलो, इतकेच.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. आपण बोलताना हातात धरायच्या कोणत्याही लहान बंदुकीला पिस्तुल म्हणून मोकळे होतो. रिव्हॉल्व्हर म्हणजे ज्यात गोळ्यांची चक्री फिरते ते. चक्रीत पाच, सहा किंवा सात घरे असतात. घोडा मागे ओढला की एकेक घर नळीसमोर येते. सॅम्युएल कोल्ट ह्याने १८३६ साली अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. त्याआधीचे खिशातले पिस्तुल एकबारी असे: दारू ठासा, गोळी ठासा, वर केप बसवा, आणि एकदा उडाले की संपले. आपल्याकडे कोकणात केपाची बंदूक म्हणत, तीच जात. अशी पिस्तुले करणारा फिलाडेल्फियाचा एक नामांकित कारागीर होता हेन्री डेरिंजर. त्याच्या मालाच्या इतक्या नकला निघाल्या की त्याचे आडनाव हेच त्या वस्तूचे सामान्यनाम झाले. तेही चुकीच्या स्पेलिंगाने, एक 'आर' जादा घालून. कारागिराच्या कीर्तीची अशी चोरी मी दुसरी पाहिलेली नाही.

१८६५ च्या १४ एप्रिलला वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात अब्राहम लिंकन ह्यांच्यावर झाडलेले पिस्तुल ह्याच डेरिंजरचे होते. लांबी सहा इंचांच्या आत, वजन पाव किलोच्या आतबाहेर. ते आजही त्याच नाट्यगृहाच्या संग्रहालयात ठेवलेले आहे. मारेकरी बूथ हा नट होता, नाट्यगृहातली सगळी माणसे त्याच्या ओळखीची. त्यामुळे प्रेसिडेंटच्या बैठकीपर्यंत जायला त्याला अडचण आली नाही. परंतु ध्यानात घ्या, त्याने कमरेला सुराही बाळगला होता. पिस्तुलात गोळी एकच होती, आणि मेजर रॅथबोन अंगावर आले तेव्हा बूथने चालविला तो सुरा. एकबारी पिस्तुलाचे हे न्यून रिव्हॉल्व्हरने पुढे पार घालविले.

ते घालविण्यात कोल्टपेक्षा मोठा वाटा आहे तो स्मिथ आणि वेसन ह्या जोडीचा. रोलिन व्हाइट नावाच्या, एके काळी कोल्टच्याच कारखान्यात राबलेल्या कारागिराने १८५५ साली एका साध्या कल्पनेचे पेटंट घेतले: चक्रीची घरे आरपार कोरायची, म्हणजे धातूचे तयार काडतूस मागून सरकवता येते. स्मिथ-वेसननी नगामागे पंचवीस सेंट देऊन ही कल्पना वापरायला घेतली आणि १८५७ साली सात गोळ्यांचे, ०.२२ इंच नळीचे एक नाजूक रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. दारू सांडत नाही, ओलसर होत नाही, केप हरवत नाही. यादवी युद्धाला निघालेल्या कितीतरी शिपायांनी ते स्वतःच्या पैशाने घेतले. १८६९ साली पेटंटाची मुदत संपली मात्र, आणि स्वस्त रिव्हॉल्व्हरांचे पेवच फुटले. ह्या स्वस्त मालावर कारखानदार आपले नाव घालीत नसत. नळीवर ठसे असत ते 'डिफेंडर', 'रेड जॅकेट', 'ट्रॅम्प्स टेरर' म्हणजे भटक्यांचा कर्दनकाळ, असल्या नावांचे. जुनी शस्त्रे जमविणाऱ्या मंडळींनी विसाव्या शतकात ह्या सगळ्या कुळाला एकच नाव दिले, 'सुइसाइड स्पेशल'. हे नाव त्यांना का सुचले असेल, त्याकडे मी नंतर येतो.

भीतीचा बाजार कसा असतो हे पाहायचे तर युरोपात चला. फ्रान्समध्ये १८९४ साली गालाँ नावाच्या कारागिराने 'व्हेलोडॉग' नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. व्हेलो म्हणजे सायकल. त्या काळी सायकलस्वाराच्या मागे कुत्री लागत, म्हणून हे! त्याचा घोडा आत झाकलेला, चाप दुमडून ठेवता येणारा, म्हणजे खिशातून काढताना कुठे अडकायला नको. कनवाळू गिऱ्हाइकांसाठी शिशाच्या गोळीऐवजी मिरपूड भरलेली काडतुसेही मिळत. आपण हसलात. मलाही पहिल्यांदा हसूच आले. पण सायकलस्वाराला कुत्र्याचे भय होतेच की. त्या भयावर दुकानदाराने शोधलेला तोडगा हा होता.

खिशात बाळगायचे म्हटले की आणखी एक अडचण येते. जुन्या रिव्हॉल्व्हरात घोड्याचे नाक थेट काडतुसावर टेकलेले असे. खिशातून फरशीवर पडले, घोड्यावर आपटले, की बार. म्हणून जाणता माणूस घोड्याखालचे घर रिकामे ठेवी. ह्यावर मॅसॅच्युसेट्समधील आयव्हर जॉन्सन ह्या नॉर्वेहून आलेल्या गृहस्थाच्या कारखान्याने उपाय काढला. हा कारखाना सायकलीही करी आणि रिव्हॉल्व्हरेही करी. घोडा आणि काडतूस पेटविणारी सुई ह्यांच्या मध्ये त्यांनी एक पट्टी बसविली. चाप पुरता ओढल्याखेरीज ती पट्टी वर येत नाही, आणि पट्टी वर आल्याखेरीज घोड्याचा आघात सुईला पोचत नाही. यंत्र म्हणून ही युक्ती फार सुंदर आहे. जाहिरातीत सुताराची हातोडी रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर मारताना दाखवीत. खुशाल ठोका, उडणार नाही! १९०४ च्या सुमाराची त्यांची एक जाहिरात तर अशी आहे की पलंगावर एक लहान मुलगी बसली आहे, जवळ बाहुली आहे, आणि हातात रिव्हॉल्व्हर आहे. बाबा म्हणतात ह्याने आपल्याला काही होत नाही, अशा अर्थाचे शब्द तिच्या तोंडी घातले आहेत.

आयव्हर जॉन्सनच्या मालाचे एक नाव होते 'सेफ्टी ऑटोमॅटिक'. १९०१ च्या सप्टेंबरात बफेलो शहरी लिऑन चोलगोश नावाच्या तरुणाने साडेचार डॉलर टाकून ०.३२ चे असे एक रिव्हॉल्व्हर विकत घेतले. तेथे मोठे प्रदर्शन भरले होते आणि अमेरिकेचे प्रेसिडेंट मॅकिन्ली ते पाहायला आले होते. ६ तारखेला दुपारी चारच्या सुमारास 'टेंपल ऑफ म्युझिक' ह्या मंडपात त्यांनी लोकांना भेटावे असा कार्यक्रम होता. रांगेने यायचे, प्रेसिडेंटशी हस्तांदोलन करायचे आणि पुढे सरकायचे. त्यांच्या चिटणिसांना हा कार्यक्रम पसंत नव्हता. त्यांनी तो दोनदा काढून टाकला आणि मॅकिन्लींनी दोनदा परत घातला. मला कोण कशाला इजा करील, असे त्यांचे म्हणणे.

आता बंदोबस्त पाहा. मंडपात सैनिक होते, पोलीस होते, गुप्त पोलीसही होते. एरवी प्रेसिडेंटच्या अगदी शेजारी उभा राहणारा रक्षक त्या दिवशी थोडा बाजूला होता, कारण त्या जागी प्रदर्शनाचे अध्यक्ष यजमान म्हणून उभे राहिले. मानपानापुढे बंदोबस्ताने माघार घेतली; आपल्याकडच्या समारंभांत हे आपण रोज पाहतो. भेटीला येणाऱ्याचे हात मोकळे असावेत अशी वहिवाट होती. परंतु दिवस उकाड्याचा, जो तो रुमालाने कपाळ पुसतोय; हातात रुमाल दिसला तर त्यात वावगे कुणाला वाटणार? चोलगोशने उजव्या हाताला रुमाल गुंडाळला होता. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, बिचाऱ्याचा हात दुखावलेला दिसतो. प्रेसिडेंटनी हात पुढे केला. त्याने तो बाजूला सारला आणि रुमालातूनच दोन गोळ्या झाडल्या.

त्याच्यामागे रांगेत जेम्स पार्कर नावाचा एक धिप्पाड निग्रो गृहस्थ उभा होता. गुलामगिरीत जन्मलेला, प्रदर्शनातल्या उपाहारगृहात वाढप्याचे काम करणारा. प्रेसिडेंटचा हात हाती घ्यावा एवढ्यासाठी तो रांगेत थांबला होता. तिसरी गोळी सुटण्याआधी त्याने मारेकऱ्याला ठोसा लगावून खाली लोळविले. पुढे खटल्यात त्याची साक्षसुद्धा काढली नाही, आणि सरकारी रक्षकांनी त्याचे श्रेय नाकारले. मॅकिन्ली १४ तारखेला वारले. त्यानंतर, १९०२ पासून, प्रेसिडेंटच्या रक्षणाची कायमची जबाबदारी सीक्रेट सर्व्हिसकडे आली. ते रिव्हॉल्व्हर आज बफेलोच्या इतिहास संग्रहालयात आहे. पाहणाऱ्याला वाटते, एवढेसेच?

होय, एवढेसेच. आणि इथे मी माझ्या मुद्द्याशी येतो. हे शस्त्र लहान आहे म्हणून दुबळे आहे. नळी आखूड, त्यामुळे दारूचा सगळा जोर गोळीला लागायच्या आतच गोळी बाहेर पडते. मूठ दोन बोटांची, नेम धरायची फुली जवळजवळ नाहीच. वीस पावलांवरच्या माणसाला ह्याने टिपणे कठीण. ह्याचा उपयोग हाताच्या अंतरावर, हस्तांदोलनाच्या अंतरावर. आणि त्या अंतरावर जिंकतो कोण? ज्याने आधी ठरविलेले असते तो. मारेकरी घरून ठरवून आलेला असतो. ज्याला बचाव करायचा त्याला मात्र आधी संकट ओळखायचे, मग खिशात हात घालायचा, मूठ चाचपायची, आणि पुष्कळ छोट्या रिव्हॉल्व्हरांत तर अंगठ्याने घोडाही ओढायचा. अमेरिकेत साल्ट लेक सिटीच्या पोलीस खात्यातील डेनिस ट्युलर ह्यांनी १९८३ साली एक हिशेब मांडला: सुरा घेतलेला मनुष्य एकवीस फूट अंतर साधारण दीड सेकंदात तोडतो, आणि कमरेच्या म्यानातले शस्त्र काढून झाडायला शिकविलेल्या पोलिसालाही तेवढाच वेळ लागतो. कमरेच्या म्यानाची ही कथा, मग पँटच्या खिशाची काय!

१९८१ च्या ३० मार्चला वॉशिंग्टनमध्ये प्रेसिडेंट रेगन एका हॉटेलातून बाहेर पडत असता हिंकली नावाच्या तरुणाने ०.२२ च्या, जेमतेम पावणेदोन इंच नळीच्या रिव्हॉल्व्हरने दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या झाडल्या. हे रिव्हॉल्व्हर त्याने सत्तेचाळीस डॉलरला घेतले होते. भोवती जगातले उत्तम शिकविलेले सशस्त्र रक्षक होते. त्यांपैकी एकाच्याही शस्त्रातून उलट गोळी सुटली नाही. सुटायला वेळच नव्हता. मॅकार्थी नावाच्या रक्षकाने काय केले? तो मारेकऱ्याकडे तोंड करून हातपाय पसरून उभा राहिला आणि पोटात गोळी घेतली. रेगनना लागलेली गोळी मोटारीच्या अंगावरून उसळून आली होती. ते वाचले. त्यांचे वृत्तसचिव जेम्स ब्रॅडी ह्यांच्या डोक्यात गोळी शिरली, ते जन्माचे जायबंदी झाले आणि २०१४ साली वारले तेव्हा वैद्यकीय तपासात तो मृत्यू त्याच गोळीचा ठरला. तेहेतीस वर्षांनी.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रात्री पैसे घेऊन जाणारा दुकानदार, एकाकी रस्त्यावरचा डॉक्टर, ज्या बाईच्या मागे कुणी हात धुऊन लागला आहे ती बाई, ह्यांना खिशातल्या ओझ्याचा आधार वाटतो, आणि त्याने आपला जीव वाचला असे सांगणारी माणसे अमेरिकेत थोडी नाहीत. त्यांना खोटे ठरवायला मी इथे उभा नाही. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही वाचावी लागते. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी २६,३२८ जणांनी ती स्वतःवर झाडून घेतली होती. 'सुइसाइड स्पेशल' हे नाव मघाशी मी सांगितले ते आठवा. परक्यासाठी घेतलेले शस्त्र चोवीस तास जवळ असते ते आपल्या, आणि आपल्यालाही वाईट दिवस येतात.

ह्या सगळ्यात मला सर्वांत नवल वाटते ते कायद्याच्या उलट्या प्रवासाचे. अमेरिका म्हणजे शस्त्र बाळगणाऱ्यांचा देश अशी आपली समजूत. पण त्याच अमेरिकेत केंटकी आणि लुइझियाना ह्या राज्यांनी १८१३ सालीच शस्त्र लपवून बाळगायला बंदी केली होती. उघड बाळगा, कमरेला दिसू द्या, समोरच्याला कळू द्या. १८५० साली लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली: उघडे शस्त्र हा मर्दाचा हक्क, लपविलेले शस्त्र हे दगाबाजाचे साधन. न्यू यॉर्कने १९११ साली सलिव्हन कायदा करून परवाना आवश्यक केला, आणि लपवून बाळगायचे तर योग्य कारण दाखवा अशी अट पुढे आली. ती अट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०२२ साली रद्द ठरविली. आता तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत लपवून बाळगायला परवानाही लागत नाही. पणजोबाला ज्याची लाज वाटली असती ते पणतू कायद्याने करतो आहे. आणि बाजार तयारच आहे. युटा राज्यातल्या एका कंपनीचे पाच गोळ्यांचे ०.२२ चे रिव्हॉल्व्हर चार इंच लांब आणि सव्वाशे-दीडशे ग्रॅम वजनाचे आहे. त्याला अशी मूठ मिळते की ती दुमडली म्हणजे पाहणाऱ्याला खिशातला चाकू वाटावा. स्वित्झर्लंडने तर कहर केला. तिथे साडेपाच सेंटिमीटर लांबीचे, वीस ग्रॅमांचे, खऱ्या गोळ्या झाडणारे रिव्हॉल्व्हर झाले आहे. ते आगपेटीएवढे आहे!

हे सगळे परमुलखाचे झाले. आपल्या नाशिकलाही ह्या वस्तूच्या भाऊबंदाने एक रात्र गाजविली आहे. रिव्हॉल्व्हर नव्हे, ते ब्राउनिंगचे पिस्तुल होते, चक्रीऐवजी मुठीत गोळ्यांची पेटी असलेले. पण चपटे, खिशात मावणारे. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातून शस्त्र काढून घेतले होते, स्वतःच्या जातभाईंना मात्र मोकळीक ठेवली होती. तेव्हा शस्त्र आणायचे तर लपूनच यायचे. लंडनहून सावरकरांनी अशी वीस पिस्तुले चतुर्भुज अमीन ह्यांच्याबरोबर पेटीच्या चोरतळात घालून पाठविली. त्यांपैकी एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे ह्या मुलाने कलेक्टर जॅक्सन ह्यांचा वध केला. जॅक्सन बदली होऊन चालले होते, त्यांच्यासाठी 'शारदा' नाटकाचा प्रयोग ठेवला होता. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी फासावर गेले.

कान्हेऱ्यांचा हेतू आणि बफेलोच्या त्या तरुणाचा हेतू मी एका तागडीत घालीत नाही. तो अधिकार माझा नाही, आणि गुलाम देशातल्या मुलाला स्वतंत्र देशातल्या माणसाने जाब विचारणे मला शोभतही नाही. मी वस्तूविषयी बोलतो आहे. वस्तूला हेतू कळत नाही. नाट्यगृहाच्या दाराशी, फुलांच्या आणि स्वागताच्या गडबडीत, हाताच्या अंतरावर तिने फोर्ड नाट्यगृहातलेच काम केले. एवढे मात्र म्हणतो की कान्हेऱ्यांनीही ते संरक्षणासाठी बाळगले नव्हते.

आता अगदी अलीकडचे. दिल्लीतल्या १६ डिसेंबर २०१२ च्या त्या भयंकर प्रकारानंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून ०.३२ चे एक हलके रिव्हॉल्व्हर काढले. नाव 'निर्भीक'. टिटॅनियमच्या मिश्रधातूचे, वजन अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असे. त्या वेळची किंमत १,२२,३६० रुपये. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना, त्यासाठी अर्ज, पोलीस चौकशी, आणि वाट पाहणे. ज्या मुली रात्री बसची वाट पाहत थांब्यावर उभ्या राहतात त्यांच्यातल्या कितीजणींना सव्वा लाख परवडतात, हा प्रश्न त्या वेळीही पुष्कळांनी विचारला.

सभेनंतर कुणीतरी मला हमखास विचारील, म्हणून आधीच सांगतो. माझ्या मुलीला मी ते घेऊन देईन का? नाही देणार. पैशाचे सोडा. आपल्या सरकारी नोंदीच वर्षानुवर्षे दाखवितात की स्त्रीवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा निघतो: शेजारी, नातलग, मालक, लग्नाचे वचन दिलेला. तो येतो तेव्हा तिची पर्स खुंटीला असते, आणि खुंटी कुठे आहे ते त्यालाही ठाऊक असते. तिच्यासाठी थांब्यावर दिवा हवा, वेळेवर येणारी बस हवी, आणि पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणारा माणूस हवा. ह्यांतली एकही वस्तू खिशात मावण्याजोगी नाही, हे मला मान्य आहे.

वेळ झाला. अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे.